वेगळी चूल मांडण्याचा हक्क

एकत्र कुटुंबांत निर्णय कसे व्हावेत, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. घरांतील वडील माणसानें बोलावें, इतरांनीं ऐकावें, आणि ज्यांना पटलें नाहीं त्यांनीं मुकाट्यानें पानावर बसावें, हीच रीत बहुतेक घरांतून चालत आलेली आहे. या मौनाला आपण 'एकमत' असें गोंडस नांव देतों. आमच्या घरींही गेलें वर्षभर असेंच एक एकमत नांदत होतें. त्यांतून वाट काढण्याचा विचार आम्हांस अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे संगणकाच्या पेटींत, सांपडला. तो वाचकांपुढें ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

पुण्यांतील आमचा वाडा आमच्या आजोबांच्या वेळचा. आम्ही दोघे भाऊ, दोघांचीं कुटुंबें, मुलें, सुना आणि एक नातू मिळून नऊ जाणतीं माणसें त्यांत राहतों. स्वयंपाक एकच. वाड्याची पडझड होऊं लागली, तेव्हां तो बिल्डरास देऊन त्या जागीं फ्लॅट घ्यावेत असें पुतण्याचें म्हणणें पडलें. पुतणसुनेनें मध्येंच एकदां, मागचा सोपा तेवढा पाडून तेथें नव्या खोल्या व दुसरें स्वयंपाकघर बांधावें, असें सुचविलें. "वेगळी चूल? या घरांत?" एवढेंच आम्ही बोललों. 'आम्ही आहों तोंवर वाडा आहे तसाच राहील' असें सांगून आम्हीं विषय मिटविला. म्हणजे तो मिटला असें आम्हांस वाटलें. प्रत्यक्षांत तो भांड्यांच्या आवाजांत आणि तुटक उत्तरांत रोज ऐकूं येत होता.

याच सुमारास घरांतील जुन्या संगणकाचें प्रकरण उपस्थित झालें. यंत्र ठणठणीत होतें. परंतु ज्या कंपनीची प्रणाली त्यावर होती तिनें, या आवृत्तीची सुरक्षेची डागडुजी आतां बंद होत आहे, असें कळविलें. आणि नवी आवृत्ति हें यंत्र स्वीकारीना. भिंत शाबूत असतां चुना विकणाऱ्यानें 'या भिंतीला यापुढें चुना मिळणार नाहीं, नवी भिंत बांधा' असें म्हणावें, तशांतला हा प्रकार. संगणक भंगारांत देण्याचें ठरलें होतें, तोंच आमचा नातू सुटींत घरीं आला. तो अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास आहे. "आजोबा, टाकूं नका. मी यावर डेबियन बसवून देतों," असें म्हणून तो कामाला लागला. बसविण्याची सारी प्रश्नोत्तरें पडद्यावर मराठींत उमटत आहेत हें पाहून आम्ही खुर्ची जवळ ओढली.

"याचे पैसे कोणाला द्यायचे?" आम्हीं विचारलें.

"कोणालाच नाहीं."

"मग मालक कोण?"

"मालक असा कोणी नाहींच, आजोबा. जगभरचीं हजारएक माणसें मिळून हें चालवितात. त्यांची लेखी घटना आहे. मतदान करतात."

घटना म्हणतांच आमचे कान टवकारले. चाळीस वर्षें मुलांना नियम शिकविणाऱ्या माणसाला नियमांचें पुस्तक दिसलें कीं राहवत नाहीं. आम्हीं ती छापून आणविली आणि कोश उशाशीं घेऊन कित्येक दुपारीं वाचली.

ती समजण्यासाठीं थोडी पूर्वपीठिका हवी. संगणकाचीं इतर सर्व कामें ज्या पायाभूत आज्ञावलींच्या आधारावर चालतात, त्यांच्या समूहास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण 'प्रणाली' म्हणूं. आज्ञावली प्रथम माणसाला वाचतां येईल अशा रूपांत लिहितात. या मूळ संहितेचें, म्हणजे सोर्स कोडचें, नंतर यंत्राला कळणारें रूपांतर होतें. बहुतेक कंपन्या गिऱ्हाइकास फक्त तें रूपांतर देतात. त्यावरून मूळ संहिता शोधून काढणें हें तयार पक्वान्न चाखून त्याची संपूर्ण कृति लिहून काढण्याइतकें दुष्कर आहे. म्हणून ज्याच्या हातीं संहिता, त्याच्याच हातीं सत्ता.

ही सत्ता खटकलेला गृहस्थ म्हणजे रिचर्ड स्टॉलमन. सन १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका प्रयोगशाळेंत तो काम करी. तेथील जुन्या छपाईयंत्रांत कागद अडकला कीं सर्वांना संगणकावर सूचना मिळावी, अशी सोय त्यानें संहितेंत भर घालून केली होती. नवें यंत्र आलें तें संहितेवांचून. ज्या एका विद्वानापाशीं ती होती त्यानें 'मीं कंपनीस वचन दिलें आहे' असें सांगून नकार दिला. ही गोष्ट मनाला लावून घेऊन स्टॉलमननें २७ सप्टेंबर १९८३ रोजीं 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. वापरणाऱ्यास चार स्वातंत्र्यें असावींत, हा तिचा अर्थ: कोणत्याही कामासाठीं ती चालविण्याचें, संहिता वाचून तिच्यांत बदल करण्याचें, तिची प्रत दुसऱ्यास देण्याचें, आणि आपण सुधारलेली प्रतही देण्याचें. सन १९८९ मध्यें त्यानें जो परवाना रचला त्याची मेख अशी कीं, ज्याला हें स्वातंत्र्य मिळालें त्यानें प्रत पुढें देतांना तेंच स्वातंत्र्य पुढच्यासही दिलें पाहिजे. सन १९९१ मध्यें हेलसिंकी येथील लायनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें प्रणालीचा गाभा लिहिला, तो लिनक्स. पुढच्याच वर्षीं तोही याच परवान्याखालीं आला, आणि एक संपूर्ण मुक्त प्रणाली उभी राहण्याची सोय झाली.

परंतु हजारों ठिकाणीं लिहिलेले हे तुकडे एकत्र जमवून, तपासून, सामान्य माणसाच्या हातीं द्यावयाचे कोणीं? हें काम अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयान मर्डॉक यानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं अंगावर घेतलें. आपल्या मैत्रिणीचें नांव डेब्रा व आपलें इयान जोडून त्यानें 'डेबियन' हा समास केला. ही डेब्रा पुढें त्याची पत्नी झाली. मर्डॉक सन २०१५ मध्यें वारला. त्याचें काम मात्र त्यापूर्वींच अनेकांचें झालें होतें. आपल्याकडील सी-डॅकनें काढलेली 'बॉस' ही प्रणाली याच डेबियनच्या आधारावर उभी आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्यें या मंडळींचें वार्षिक संमेलन केरळांत कोची येथें भरलें होतें.

जुलै १९९७ मध्यें या मंडळींनीं वापरणाऱ्यांस एक जाहीर वचन दिलें. त्यास ते 'सामाजिक करार' म्हणतात. त्यांत पांच कलमें आहेत. डेबियन सर्वस्वीं मुक्त राहील. आम्हीं केलेलें काम आम्ही समाजास परत देऊं. आमचे दोष आम्ही लपविणार नाहीं, हीं पहिलीं तीन. दोष लपविणार नाहीं म्हणजे दोषांची वही कोणासही वाचावयास उघडी ठेवूं. चौथें कलम म्हणतें कीं, वापरणारा माणूस आणि मुक्त सॉफ्टवेअर या दोघांस आम्ही अग्रस्थान देऊं. पांचवें कलम, या कसोटीस न उतरणारीं जीं सॉफ्टवेअरें कांहींना लागतात त्यांची सोय मुख्य प्रणालीच्या बाहेर कशी ठेवावी, तें सांगतें. चौथ्या कलमांत दोन दैवतें एकाच देव्हाऱ्यांत बसविलीं आहेत. त्यांचें भांडण कधींतरी होणारच, हें जाणत्या वाचकास सांगावयास नको.

प्रत्यक्ष घटना डिसेंबर १९९८ मध्यें मंजूर झाली. तिच्यांतील तीन गोष्टी आम्हांस विशेष वाटल्या. पहिली, कोणाही सभासदावर कोणतेंही काम करण्याची सक्ति नाहीं. नको असेल तर करूं नये. मात्र रीतसर झालेल्या निर्णयाच्या आड येऊं नये. दुसरी, प्रमुख दरवर्षीं निवडला जातो, आणि त्यानें निर्णय देतांना सभासदांचा कल पाहावा, स्वतःच्या मताला फाजील वजन देऊं नये, असें घटनेंतच सांगून ठेवलें आहे. हें वाक्य आम्हीं दोनदां वाचलें, आणि तिसऱ्यांदा वाचण्याचें टाळलें.

तिसरी गोष्ट मतदानाची. यांच्याकडे मत एका पर्यायास देत नाहींत. सर्व पर्याय आवडीच्या क्रमानें लावून देतात. मग प्रत्येक दोन पर्यायांची जोडी घेऊन, यांपैकीं कोणता अधिक जणांनीं वर ठेवला, हें पाहतात. जो प्रत्येकास समोरासमोर जिंकतो तो विजयी. ही कल्पना फ्रेंच पंडित काँदोर्से यानें सन १७८५ मध्यें मांडली होती. कधीं कधीं पहिल्यानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास आणि तिसऱ्यानें पहिल्यास जिंकावें, असा फेरा पडतो. तो सोडविण्याची रीतही घटनेंत दिली आहे. शिवाय प्रत्येक मतपत्रिकेवर 'यांपैकीं कोणताच नको' या अर्थाचा एक पर्याय असतो, आणि पुरेशा सभासदांनीं त्याच्या वर न ठेवलेला पर्याय आपोआप बाद होतो. सभासद एक हजार धरले तर हा आंकडा ४८ येतो. मूळ तत्त्वें बदलावयाचीं तर एकास तीन असें मताधिक्य लागतें.

येवढी बळकट घटना असतांही घर कसें हादरतें, तें सन २०१४ मध्यें दिसलें. संगणक सुरू होतांच प्रथम एक आज्ञावली जागी होते आणि ती इतर सर्वांना उठविते. पहाटे सर्वांआधीं उठून चूल पेटविणाऱ्या गृहिणीसारखें तिचें काम. ही जुनी गृहिणी बदलून सन २०१० मध्यें निघालेली 'सिस्टिमडी' नांवाची आज्ञावली घ्यावी काय, असा वाद उत्पन्न झाला. तिच्यामुळें काम जलद व सुसूत्र होतें, असें एक पक्ष म्हणे. ही चुलीपुरती राहत नाहीं, तिजोरीच्या किल्ल्यांपासून कोठीपर्यंत सारें आपल्या हातीं घेते आणि मग तिच्यावांचून कोणाचें पान हलत नाहीं, असें दुसरा म्हणे. प्रश्न आठ जणांच्या तांत्रिक समितीपुढें गेला. सिस्टिमडी व तिची प्रतिस्पर्धी 'अपस्टार्ट' यांना चार-चार मतें पडलीं. ११ फेब्रुवारी २०१४ रोजीं अध्यक्षांच्या निर्णायक मतानें सिस्टिमडी जिंकली.

नियमानें पाहतां येथें कांहींच चुकलें नाहीं. तरी मनें दुभंगलीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सर्व सभासदांचें मत घेतलें, तेव्हां 'या विषयावर ठरावाची गरजच नाहीं' हा पर्याय निवडून आला. समितींतील कांहीं जुन्या सभासदांनीं राजीनामे दिले. अठरा वर्षें खपलेला जोई हेस हा नामांकित कार्यकर्ता संस्थाच सोडून गेला. जातांना त्यानें खेद व्यक्त केला तो असा कीं, घटना प्रथम मांडली गेली तेव्हां आपल्याला तिच्याविषयीं शंका होती, पण आपण त्या वेळीं बोललों नाहीं. सोळा वर्षांपूर्वींचें मौन त्याला बोचत होतें.

आणि त्याच महिन्यांत नाराज मंडळींपैकीं कांहींनीं वेगळी चूल मांडली. मूळ संहिता सर्वांस उघडी असल्यामुळें त्यांनीं ती सबंध उचलली, सिस्टिमडी वगळली आणि 'डेव्हुअन' नांवाची नवी प्रणाली जाहीर केली. तिची पहिली स्थिर आवृत्ति मे २०१७ मध्यें निघाली. अडीच वर्षें लागलीं, यावरून वेगळ्या चुलीचें सरपण किती महाग पडतें तें दिसून येईल.

येथें आमच्या मनांत मिताक्षरेचा विचार आला. याज्ञवल्क्यस्मृतीवरील या टीकेंत विज्ञानेश्वरांनीं वडिलोपार्जित इस्टेटींत मुलाचा हक्क जन्मतःच मानला. सन २००५ च्या कायद्यानें तो मुलीसही मिळाला. हक्क आहे म्हणून वांटणी मागतां येते. परंतु शेताची वांटणी झाली कीं प्रत्येकाच्या पदरीं अर्धें शेत येतें, आणि नातवांच्या वेळीं बांधच उरतात. म्हणून आपण वांटणीच्या शब्दालाच भितों. डेबियनच्या इस्टेटीचा गुण निराळा. जाणारे सबंध इस्टेट घेऊन गेले, आणि राहणाऱ्यांची एक ओळही कमी झाली नाहीं. भावांत वांटली न जाणारी विद्या म्हणून जें धन सुभाषितकार वर्णितात, तें येथें प्रत्यक्ष व्यवहारांत दिसतें.

वाचक विचारील, कीं वापरणाऱ्याचें काय? खरी गोष्ट ही कीं, त्याला मत नाहीं. मत सभासदांनाच आहे. आम्हांसही प्रथम हें खटकलें. परंतु विचार करतां असें दिसतें कीं, त्याच्या हातीं मताहून मोठी वस्तु आहे. उद्यां या हजार माणसांनीं एकमतानें वाईट निर्णय घेतला, तरी ते संहिता परत घेऊं शकत नाहींत. ज्याला पटलें नाहीं तो, किंवा त्याच्यासाठीं दुसरा कोणी, तीच घेऊन निराळा मार्ग धरूं शकतो. दार उघडें आहे, हें आंतल्या प्रत्येकाला ठाऊक असतें. म्हणूनच आंत बोलणाऱ्याचें ऐकावें लागतें. जेथें दारच नाहीं, तेथें मतदान झालें तरी तें उपचारापुरतें. आमच्या संगणकाच्या बाबतींत पहिल्या कंपनीनें आम्हांस विचारलें नाहीं, आणि आम्हांस जावयास वाटही ठेवली नव्हती.

दोन दैवतांचें भांडण सन २०२२ मध्यें लागलें. वायफायसारख्या भागांना चालण्यासाठीं 'फर्मवेअर' नांवाची एक छोटी आज्ञावली लागते. ती बहुधा कंपनीची, बंद संहितेची. तत्त्वाला धरून डेबियन ती आपल्या अधिकृत प्रतींत घालीत नसे. परिणाम असा कीं, नवशिक्याचा संगणक जाळ्याला जोडलाच जात नसे. आणि कांहीं नव्या यंत्रांत ध्वनीसाठींही तें लागत असल्यामुळें, जो अंध माणूस पडद्यावरील मजकूर ऐकून काम करतो त्याला प्रणाली बसवितांच येत नसे. सोंवळें सांभाळावें कीं दारीं आलेल्या माणसाला पाणी द्यावें? ऑक्टोबर २०२२ मध्यें मतदान पुरें झालें. सामाजिक करारांत दुरुस्ती होऊन, असें फर्मवेअर अधिकृत प्रतींत घालावें असें ठरलें. पण कोणतें वापरलें जात आहे हें वापरणाऱ्यास सांगावें आणि नको असल्यास तें बंद करण्याची सोय द्यावी, अशी पुस्ती जोडली. जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून हें अमलांत आलें. त्याच वर्षीं, म्हणजे २०२२ मध्येंच, ठरावांवर कोणीं कसें मत दिलें हें यापुढें प्रसिद्ध करूं नये, असाही निर्णय झाला होता. उघड मतामुळें माणसें कचरतात, हें त्यांना अनुभवानें कळलें होतें.

हें वाचून आम्हीं एके रात्रीं जेवणानंतर वाड्याचा मिटलेला विषय स्वतःच पुन्हां काढला. नऊ जणांना नऊ कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. तीन पर्याय: वाडा बिल्डरास द्यावा, आहे तसाच दुरुस्त करावा, मागचा सोपा पाडून खोल्या व दुसरें स्वयंपाकघर बांधावें. क्रम लावावा, नांव लिहूं नये. सुनांनीं एकमेकींकडे पाहिलें. या घरांत त्यांचें मत लेखी कोणीं कधीं मागितलें नव्हतें.

नातवानें मोजलें. चार जणांनीं बिल्डर पहिला, सोपा दुसरा आणि दुरुस्ती तिसरी लावली होती. तिघांनीं दुरुस्ती पहिली, सोपा दुसरा आणि बिल्डर तिसरा. दोघांनीं सोपा पहिला, दुरुस्ती दुसरी आणि बिल्डर तिसरा. नुसते हात वर करविले असते तर चार मतांनीं बिल्डर जिंकला असता, आणि नवांपैकीं पांच जणांना जें सर्वांत नकोसें तेंच घरावर आलें असतें. आमचा शब्द चालला असता तर दुरुस्ती झाली असती. तीही चौघांना सर्वांत नकोशी होती. जोड्या लावल्या तेव्हां सोप्यानें बिल्डरास पांच विरुद्ध चार आणि दुरुस्तीस सहा विरुद्ध तीन असें जिंकलें. ज्या सूचनेला आम्हीं चार शब्दांत उडवून लावलें होतें, ती अशी निवडून आली.

आमचा पर्याय हरला. वाईट वाटलें नाहीं असें लिहिलें तर तें खोटें होईल. चिठ्ठीनें मनें जुळतात असाही आमचा दावा नाहीं. डेबियनचीं सगळीं जुळलीं नाहींत. पण वर्षभर ज्याला आम्ही एकमत समजत होतों तें काय होतें, हें त्या नऊ चिठ्ठ्यांनीं आम्हांस दाखविलें. आणि दुसरी चूल ही घर मोडण्याची खूण नसून, घरांत राहणारा माणूस आपल्या इच्छेनें राहत आहे याची खूण असूं शकते, हेंही आम्हांस या वयांत शिकावें लागलें.

सोप्याचें काम पावसाळ्यानंतर सुरू व्हावयाचें आहे. जो संगणक आम्ही भंगारांत देणार होतों, त्याच्यापुढें बसून पुतणसून सध्यां त्या कामाच्या खर्चाचा तक्ता तयार करीत आहे.